काठावरून फ्लोटने मासेमारी : काठी कशी निवडावी

गळाची काठी विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ही काठी किती किलोचा मासा पेलेल. फ्लोटच्या, म्हणजे मासा लागला की बुडणाऱ्या तरंगत्या खुणेच्या, मासेमारीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न पाण्याचा असतो : फ्लोट काठापासून किती अंतरावर उभा राहणार, आमिष किती खोल लोंबणार, पाणी थांबलेले आहे की वाहते, आणि आपल्या मागे व डोक्यावर काय आहे. तळाला शिसे सोडून काठी स्टँडवर ठेवणाऱ्याला तिच्याकडून फेक आणि ओढ एवढीच कामे हवी असतात. फ्लोटवर नजर ठेवून बसणाऱ्याची काठी मात्र सहा-सहा तास हातात असते आणि टोकापासून फ्लोटपर्यंतचा तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तिला सतत ताब्यात ठेवावा लागतो. म्हणून एका कामाची उत्तम काठी दुसऱ्या कामात अडचणीची ठरू शकते. येथे केवळ काठावरून आणि फ्लोट लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीचा विचार केला आहे. होडीतून गळ टाकणे किंवा नकली आमिष फेकून ओढणे यांसाठी लागणाऱ्या काठ्या वेगळ्या असतात.

काठ पाहणे

महाराष्ट्रात काठाचे तीन ढोबळ प्रकार आपल्या वाट्याला येतात. उजनीच्या फुगवट्यासारखे पसरट पाणी, जिथे काठ हळूहळू उतरत जातो आणि बऱ्याच आतपर्यंत खोली पुरुषभरसुद्धा नसते. मुळशी किंवा पानशेत यांसारखी सह्याद्रीच्या दऱ्यांत अडवलेली धरणे, जिथे पायाखालची मुरमाड घसरण सरळ खोल पाण्यात जाते. आणि कोकणातल्या खाड्या व धक्के, जिथे खोली घड्याळाबरोबर बदलते. या तिन्ही ठिकाणी एकच काठी चालवता येते, पण ती तिन्ही ठिकाणी तडजोडच ठरते.

धरणाचा काठ पाहण्याचा सर्वांत चांगला महिना मे. पाणी उतरल्यावर जो तळ उघडा पडतो, त्यावरून एकदा चालून आल्यास जुने बांध, बाभळीची खोडे, विहिरींची कडी आणि बुडालेल्या रस्त्यांच्या कडा कुठे आहेत हे कळते. उजनीत तर पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिरच वर येते. ऐन पाण्यात खोली मोजायची असेल तर गळाला शिशाचा जड गोळा अडकवावा, तो नेमक्या जागी सोडावा आणि फ्लोटचे टोक जेमतेम पाण्याबाहेर दिसेपर्यंत फ्लोट तंगुसावर वर-खाली सरकवावा. फ्लोट आणि गोळा यांमधले अंतर म्हणजे त्या जागेची खोली. काठी घेण्याआधी उसनी काठी घेऊन का होईना, पण हे मोजमाप करून ठेवावे.

मात्र तळाची खोली आणि आमिषाची खोली एकच असते असे नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. सायप्रिनससुद्धा तळ उकरणारा मासा आहे. धरण चाळीस फूट खोल असले, तरी कटल्यासाठी आमिष पाच-सहा फुटांवर पुरते. मृगळ हवा असेल तर त्याच जागी तळ गाठावा लागतो. त्यामुळे कोणत्या माशासाठी बसायचे, हा प्रश्न येतो तो प्रथम खोलीच्या रूपाने. वजनाच्या रूपाने तो नंतर येतो.

लांबी

फ्लोट तंगुसावर एका जागी पक्का बसवलेला असेल, तर फ्लोट ते गळ हे अंतर काठीच्या लांबीपेक्षा फूट-दीड फूट कमीच ठेवावे लागते. तसे न केल्यास फ्लोट काठीच्या टोकाच्या, तंगूस ओवायच्या कडीला येऊन अडतो आणि मासा तेवढाच दूर राहतो. शिवाय फेकताना गळ जमिनीवर घासतो. तेरा फुटी काठीने साडेअकरा-बारा फूट खोलीपर्यंत पक्का फ्लोट चालतो, आठ फुटी काठीने साडेसहा फुटांच्या पुढे काम नाही. त्याहून खोल जायचे असल्यास सरकता फ्लोट लावून तंगुसावर दोऱ्याची एक बारीक अडथळा-गाठ बांधतात. ही गाठ कड्यांतून आत रीलपर्यंत, म्हणजे मुठीजवळच्या तंगूस गुंडाळायच्या चक्रापर्यंत, जाते आणि फेकताना बाहेर येते. ज्याला असे करायचे आहे त्याने काठी घेताना टोकाच्या कडीचे भोक पाहून घ्यावे. तंगुसाचा एक तुकडा आणि त्यावर बांधलेली गाठ खिशात घेऊन जावे आणि दुकानातच ती कडीतून दोन्ही बाजूंनी ओढून पाहावी. गाठ जराशी जरी अडखळली, तरी पाण्यावर ती प्रत्येक फेकीला अडखळणार आहे.

लांब काठीचा दुसरा फायदा वाऱ्यात कळतो. फ्लोट पंधरा-वीस मीटरवर आहे आणि वाऱ्याने पाण्यावरच्या तंगुसाला मोठा बाक आला आहे, अशा वेळी फ्लोट बुडताच दिलेला झटका आधी हा बाक सरळ करण्यात खर्ची पडतो आणि उरला तर गळापर्यंत पोहोचतो. मनगट तेवढेच फिरवूनही तेरा फुटी काठीचे टोक सात फुटी काठीच्या जवळपास दुप्पट तंगूस उचलते. वाहत्या नदीत हाच फायदा अधिक होतो, कारण तिथे फ्लोट प्रवाहाबरोबर सोडत असताना त्याच्या मागचा तंगूस पाण्यावरून उचलून पुन्हा प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवावा लागतो. आखूड काठीने हे काम होत नाही आणि फ्लोट तिरका ओढला जाऊन आमिष अनैसर्गिकपणे वर उचलले जाते.

याउलट तोटेही खरे आहेत. लांबी वाढते तशी काठी टोकाला जड होते आणि तिचा भार मनगटावर येतो. बाभळीच्या फांद्यांखाली किंवा वेड्या बाभळीच्या झुडपांतून काढलेल्या अरुंद वाटेवर तेरा फूट फिरवायला जागाच नसते. अशा ठिकाणी दहा फुटी काठी पत्करावी आणि खोलीची मर्यादा सोसावी. नेण्या-आणण्याचा प्रश्नही किरकोळ नाही. तीन तुकड्यांची तेरा फुटी काठी बंद केल्यावर साडेचार फुटांच्या आसपास राहते. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीच्या फळीवर ती सांभाळणे जिकिरीचे असते, तर एकात एक सरकणारी, म्हणजे टेलिस्कोपिक काठी पाठीवरच्या पिशवीत मावते.

माझे मत विचाराल तर धरण आणि तलाव यांसाठी बारा ते तेरा फूट, म्हणजे ३.६ ते ३.९ मीटर, ही लांबी पहिल्या काठीसाठी घ्यावी. धक्क्यावर आणि खोल खाडीत पाच ते सहा मीटरची कड्या असलेली टेलिस्कोपिक काठी अधिक उपयोगी पडते. तिचे कारण पुढे येईल. आपल्याकडच्या दुकानांत सर्वांत सहज मिळणाऱ्या सात-आठ फुटी काठ्या मुळात नकली आमिष फेकण्यासाठी केलेल्या असतात. स्वस्त म्हणून त्या घेतल्या जातात आणि मग फ्लोटची मासेमारी कठीण आहे असा समज होतो.

बिनरीलची काठी

चिलापी, खवल्यांची लहान मासळी आणि काठालगतची शिंगटी यांच्यासाठी रीलची गरजच नसते. साडेचार ते सहा मीटर लांबीची, कड्या नसलेली टेलिस्कोपिक काठी, तिच्या टोकाला बांधलेला साधारण काठीएवढाच तंगूस आणि गव्हाच्या काडीएवढा बारीक फ्लोट एवढ्यावर उजनीच्या काठी चिलापी भराभर निघते, कारण आमिष प्रत्येक वेळी त्याच जागी अलगद ठेवता येते आणि मासा सरळ हातात येतो. नवशिक्याने, विशेषतः मुलांनी, येथूनच सुरुवात करणे उत्तम. मर्यादा एकच, पण मोठी आहे : तीन-चार किलोचा रोहू लागला तर सोडायला तंगूस शिल्लक नसतो आणि काही तरी तुटते. तुटायचेच असेल तर गळाजवळचा तंगूस तुटावा, काठी तुटू नये, म्हणून गळाला जोडलेला शेवटचा हातभर तुकडा मुख्य तंगुसापेक्षा बारीक ठेवावा.

बांबूची काठी याच प्रकारात मोडते. सिंधुदुर्गातला माणगा बहुतेक भरीव असल्यामुळे पोकळ बांबूसारखा चिरत नाही आणि त्याला निमुळतेपणाही चांगला असतो. पक्का झालेला, सावलीत उभा ठेवून वाळवलेला बारा फुटी माणगा ओढ्या-वहाळांवर आजही कोणत्याही स्वस्त फायबर काठीला मागे टाकेल. वजन मात्र आहे.

ताकद आणि वाक

काठीवर छापलेल्या आकड्यांपैकी दोन कामाचे असतात. पहिला ग्रॅममध्ये दिलेला फेकीच्या वजनाचा पट्टा, उदाहरणार्थ ५–२० ग्रॅम. फ्लोट, त्याखालचे शिशाचे छर्रे आणि आमिष यांची बेरीज या पट्ट्याच्या मधोमध यावी. चार ग्रॅमचा फ्लोट ४०–८० ग्रॅमच्या काठीने फेकायला गेल्यास काठी वाकतच नाही आणि फ्लोट दहा पावलांवर पडतो. दुसरा आकडा ‘टेस्ट कर्व्ह’ नावाने पौंडांत दिलेला असतो. काठीची मूठ आडवी धरून टोकाला किती वजन लावले असता टोक मुठीशी काटकोन करते, ते वजन म्हणजे टेस्ट कर्व्ह. या आकड्याला पाचाने गुणले की त्या काठीला साजेशा तंगुसाची ताकद साधारणपणे पौंडांत मिळते, असा जुना ठोकताळा आहे. एक पौंडाच्या काठीला पाच पौंडी, म्हणजे सव्वादोन किलोचा तंगूस; दीड पौंडाच्या काठीला साडेतीन किलोच्या आसपासचा.

स्वस्त काठ्यांवर हा आकडा नसतो, किंवा असला तरी त्यावर विसंबता येत नाही. तो घरी काढता येतो. रील बसवून तंगूस सर्व कड्यांतून ओवावा, त्याचे टोक सामान तोलायच्या हूकच्या काट्याला बांधावे, काटा जमिनीवर एखाद्या जड वस्तूला अडकवावा आणि मूठ टेबलाच्या कडेवर आडवी दाबून धरून तंगूस हळूहळू रीलमध्ये घ्यावा. टोक सरळ जमिनीकडे वळले त्या क्षणी काट्यावर जे वजन दिसेल ते लिहून ठेवावे. सुमारे साडेचारशे ग्रॅम म्हणजे एक पौंड. हे करताना मूठ वर उचलू नये, कारण मग सगळा ताण टोकाच्या बारीक तुकड्यावर जातो. कड्या नसलेल्या काठीवर हा प्रयोग करू नये.

चिलापी आणि अर्ध्या-पाऊण किलोपर्यंतच्या माशांसाठी पाऊण ते एक पौंडाची काठी आणि ०.१६ ते ०.१८ मिलिमीटरचा तंगूस बरोबर जुळतो. धरणातल्या रोहू-मृगळासाठी सव्वा ते पावणेदोन पौंड आणि ०.२२ ते ०.२८ मिलिमीटर. कटल्याचे ज्या पाण्यात दहा-दहा किलोंचे नग निघतात, तिथे दोन पौंडांच्या आसपास जावे. तीन पौंडांच्या ज्या काठ्या ‘कार्प रॉड’ म्हणून विकल्या जातात, त्या जड शिसे लांब फेकण्यासाठी असतात. फ्लोटला त्या नकोत. रोहूचे ओठ मऊ आणि मांसल असतात. ताठ काठीचा झटका आणि माशाची पहिली धाव एकत्र आली की लहान गळ ओठ फाडून निघतो, आणि गळवाला मात्र मासा नीट लागलाच नव्हता असे समजतो.

वाक कुठून सुरू होतो हेही पाहावे लागते. काही काठ्या केवळ वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकतात. त्यांचा झटका जलद पोहोचतो, पण मासा काठाजवळ येऊन अचानक वळला की त्या ताण सोसत नाहीत. काही मुठीपर्यंत वाकतात. त्या बारीक तंगूस सांभाळतात, पण वाऱ्यात फेकताना लिबलिबतात. फ्लोटसाठी मधली निवड योग्य : टोक नाजूक, वरचा अर्धा भाग वाकणारा आणि खालचा भाग ओढ आली तरच मदतीला येणारा. दुकानात काठी हवेत सपासप फिरवून हे समजत नाही; तसे केल्याने केवळ टोक थरथरते. दुसऱ्या माणसाला टोकाचा तंगूस धरून हळू ओढायला सांगावे आणि वाक बाजूने पाहावा. तो एकसारखा कमानदार असावा. सांध्यापाशी सपाट होऊन पुन्हा वाकत असेल तर ती काठी ठेवून द्यावी.

वजन आणि तोल

फायबरग्लासची काठी जड पण चिवट असते. कार्बनची हलकी आणि ताठ, पण दगडावर आपटली की तिला न दिसणारी इजा होते आणि ती पुढे केव्हा तरी ऐन वाकात तुटते. दहा फुटांपर्यंत फायबरग्लास चालवून घेता येते. बारा फुटांच्या पुढे कार्बनच घ्यावी, कारण तेवढ्या लांबीची फायबर काठी हातात धरून बसणे होत नाही. खोक्यावर कार्बनचे किती टक्के लिहिले आहेत याकडे मी फारसे लक्ष देत नाही. त्यापेक्षा आपले रील बरोबर न्यावे, ते काठीला बसवावे आणि मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट ठेवून काठी तोलून पाहावी. ती त्या बोटाच्या आसपास तोलली गेली तर दिवसभर त्रास देणार नाही. टोक झपकन खाली जात असेल तर थोडे जड रील किंवा दुसरी काठी घ्यावी. अशा काठीला २५०० किंवा ३००० आकाराचे रील पुरते.

कड्या आणि सांधे

भिजलेला तंगूस काठीच्या अंगाला चिकटतो, हा अनुभव मृगाच्या पहिल्या सरींत बसलेल्या प्रत्येकाला असतो. म्हणून फ्लोटच्या खास काठ्यांना पुष्कळ, लहान आणि अंगापासून उंच उभ्या कड्या असतात. तेरा फुटी काठीला त्या बारा-पंधरा भरतात. टेलिस्कोपिक काठीला प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी एक कडी असते, म्हणून ती घेताना सरकत्या जादा कड्या दिलेल्या आहेत का हे पाहावे. प्रत्येक कडीच्या आतल्या चिनी मातीच्या अस्तरातून कापसाचा बोळा फिरवावा; कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे, आणि तो तडा तंगूस कापणार आहे.

तुकड्यांच्या काठीचा सांधा दोन बोटांत धरून काठी हलवावी. बोटांना ‘टक’ असे जाणवले तर सांधा ढिला आहे. ज्या काठीत खालच्या तुकड्यातून आलेली खुंटी वरच्या तुकड्यात शिरते, तिच्या सांध्यात साधारण सेंटिमीटरभर फट राहते. ती झिजेसाठी मुद्दाम ठेवलेली असते, दोष नव्हे.

धक्का आणि खाडी

खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे सकाळी हाताशी असलेले पाणी दुपारी एका मजल्याहून खाली गेलेले असते. धक्क्याच्या खांबांवर आणि भिंतीवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांची धार तंगुसाला एका स्पर्शात कापते. तंगूस भिंतीपासून बाहेर ठेवायचा तर काठीचे टोक धक्क्याच्या कडेच्या बरेच पुढे जायला हवे. पाच-सहा मीटरच्या काठीचे खरे काम हे आहे. काळुंदर आणि बोय यांना मऊ काठी चालते, पण जिवंत कोळंबी लावून तांब किंवा जिताड्यासाठी बसायचे असेल तर दोन पौंडांच्या पुढची, ३०–६० ग्रॅम फेकणारी काठी लागते, कारण तांब लागताक्षणी दगडांच्या कपारीकडे धावतो आणि त्याला तिथे पोहोचू देणे परवडत नाही. मासा वर काढण्यासाठी काठीवर भिस्त ठेवू नये. दोरीने खाली सोडायची गोल जाळी बरोबर असावी.

खाऱ्या हवेत कड्यांचे पाय आणि रील बसवायची पट्टी प्रथम गंजतात. या दोन जागी स्टेनलेस स्टील नसेल तर काठी एक मोसमसुद्धा नीट टिकत नाही.

विजेच्या तारा

कार्बनमधून वीज वाहते. उजनीसारख्या फुगवट्यांच्या काठांवर शेतीपंपांना जाणाऱ्या तारा अनेक ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात, आणि सहा मीटरची ओली कार्बन काठी उभी धरून त्यांच्याखालून चालत जाणे जिवावर बेतू शकते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. तारांच्या आसपास काठी बंद करून, आडवी धरूनच हलावे. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट ऐकू येताच काठी खाली ठेवावी आणि तिच्यापासून दूर व्हावे. ज्याच्या नेहमीच्या जागेवरून तारा जातात, त्याने वजन सोसून फायबरग्लासची आखूड काठी घेण्याचा विचार करावा, पण तारांखालची जागा बदलणे हेच अधिक शहाणपणाचे.

पैसे देण्याआधी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि पवईसारख्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासदत्व लागते. कुठे बसता येईल हे ठरल्यावरच काठीची लांबी ठरते. शहरालगतच्या तलावाची परवानगी मिळाली, तर दर रविवारी मुळशीला जायच्या हिशेबाने घेतलेली काठी घरात उभी राहते.

टेलिस्कोपिक काठी घेतल्यास ती दुकानातच पूर्ण उघडून आणि मिटवून पाहावी. उघडताना टोकाच्या बारीक तुकड्यापासून सुरुवात करावी, कड्या एका रेषेत आणाव्यात आणि तुकडे किंचित पिळून बसवावेत, ओढून नव्हे; मिटवताना बुडख्याकडच्या जाड तुकड्यापासून. वाळूचा एक कण सांध्यात गेला तरी काठी अडकते, म्हणून ती वाळूवर कधी ठेवू नये. खाडीवरून आल्यावर बुडख्याची टोपी फिरवून काढावी, सर्व तुकडे बाहेर घेऊन गोड्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत पूर्ण वाळल्यानंतरच एकात एक सरकवावेत.